विरघळते, पण किती?

या अंकासाठी आलेल्या पत्रांत विरघळण्यावरचे प्रश्न इतके निघाले की बाकीचे विषय पुढच्या महिन्यावर ढकलावे लागले. पत्रे शाळेतून आली, स्वयंपाकघरातून आली, द्राक्षबागेतूनही आली. बहुतेक पत्रांत तीन आकडे मात्र राहून गेले होते: किती, कशात आणि किती तापमानाला. हे आकडे नसतील तर ‘विरघळते’ आणि ‘विरघळत नाही’ या दोन्ही शब्दांना फारसा अर्थ उरत नाही.

शब्द आधीच ठरवून घेऊ. जे विरघळते ते द्राव्य, ज्यात विरघळते तो द्रावक आणि दोघांचे मिळून द्रावण. कितीही ढवळले तरी त्या तापमानाला आणखी विरघळेना, की द्रावण संपृक्त झाले. तेव्हा १०० ग्रॅम द्रावकात जेवढे ग्रॅम द्राव्य मावलेले असते ती त्या द्राव्याची त्या तापमानाची विद्राव्यता.

प्रश्न : पाणी गरम केले की पदार्थ जास्त विरघळतो असे आम्ही शिकलो. प्रयोगशाळेत मीठ घेऊन पाहिले तर थंड आणि उकळत्या पाण्यात जवळपास सारखेच विरघळले. आमचे काही चुकले का? आणि साखर मिठापेक्षा इतकी जास्त का विरघळते?
*(नववीची विद्यार्थिनी, सातारा)*

चुकलेले नाही. मीठ असेच वागते. १०० ग्रॅम पाण्यात शून्य अंशाला ३५.७ ग्रॅम मीठ विरघळते आणि १०० अंशांना ३९ ग्रॅम. शंभर अंश तापवून पदरात पडतात ते जेमतेम सव्वातीन ग्रॅम! शाळेच्या तराजूवर हा फरक सहज हरवतो. तुमचे वाक्य खरे ठरलेले पाहायचे असेल तर सोरा, म्हणजे पोटॅशियम नायट्रेट घ्या. तो शून्य अंशाला १३ ग्रॅम, २० अंशांना ३२, ६० अंशांना ११० आणि १०० अंशांना २४६ ग्रॅम विरघळतो.

हा फरक ऊर्जेच्या जमाखर्चातून येतो. मिठाच्या स्फटिकात सोडियम आणि क्लोराइडचे आयन, म्हणजे विद्युतभारित कण, एकमेकांना घट्ट धरून असतात. त्यांना सोडवायला दर मोलमागे (मोल म्हणजे कणांची एक ठरावीक मोठी संख्या) ७८७ किलोज्यूल ऊर्जा खर्च होते. सुटलेल्या आयनांभोवती पाण्याचे रेणू गोळा होतात तेव्हा सुमारे ७८३ किलोज्यूल परत मिळते. तूट अवघी चार किलोज्यूलची, त्यामुळे बाहेरून उष्णता देऊन मिठाला फारशी मदत होत नाही. सोऱ्याची तूट ३५ किलोज्यूलच्या आसपास आहे. परीक्षानळीत पाणी घेऊन चमचाभर सोरा हलवलात तर नळी हाताला गार लागेल. ती उष्णता सोऱ्याने पाण्यातून ओढून घेतलेली असते, आणि म्हणूनच गरम पाणी त्याला मानवते.

हा नियम उलटा करून वापरू नका. कॉस्टिक सोडा विरघळताना पाणी चांगलेच तापते, तरीही गरम पाण्यात तो आणखी जास्त मावतो. महत्त्वाचा हिशेब असतो तो संपृक्त होण्याच्या सीमेवरचा. कोऱ्या पाण्यात पहिला चमचा टाकताना काय झाले यावरून तो नेहमी कळत नाही.

आता साखर. २० अंशांना १०० ग्रॅम पाण्यात साधारण २०० ग्रॅम साखर विरघळते, मीठ ३६ ग्रॅम. वजनाने पाहिले तर साखर साडेपाच पट. पण साखरेचा एक मोल ३४२ ग्रॅमचा आणि मिठाचा ५८.५ ग्रॅमचा. भागून पाहा: २०० ग्रॅम साखर म्हणजे ०.५८ मोल आणि ३६ ग्रॅम मीठ म्हणजे ०.६२ मोल. मोजणीला दोघे जवळपास सारखेच. साखरेचा रेणू अंगाने मोठा आहे, एवढाच त्यातला चमत्कार. एवढा मोठा रेणू पाण्यात मुळात मावतो कसा, हा प्रश्न अधिक चांगला आहे. त्याच्या अंगावर ऑक्सिजन-हायड्रोजनच्या जोडीचे, म्हणजे हायड्रॉक्सिलचे, आठ गट असतात आणि प्रत्येक गट पाण्याच्या रेणूंशी हायड्रोजन बंध जुळवतो. मेणाच्या रेणूवर असा एकही गट नसतो, म्हणून मेणबत्ती पाण्यात वर्षभर ठेवली तरी तशीच राहते.

विद्राव्यता मोजताना ‘टाकत गेलो आणि थांबलो’ ही पद्धत वापरू नका. ती ढवळणाऱ्याच्या चिकाटीवर अवलंबून असते. ढवळणे, मिठाची पूड करणे, पाणी तापवणे यांनी विरघळण्याचा वेग वाढतो. मर्यादा बदलते ती फक्त तापमानाने. त्यापेक्षा असे करा. ५० ग्रॅम पाण्यात २५ ग्रॅम मीठ टाकून अर्धा तास अधूनमधून ढवळा. तळाशी मीठ उरलेच पाहिजे, कारण द्रावण संपृक्त असल्याचा तोच पुरावा. तापमान लिहून ठेवा आणि वरचे निवळ द्रावण कोरड्या गाळणकागदातून गाळा. बाष्पनपात्राचे वजन करून त्यात १० मिली द्रावण घ्या आणि पुन्हा वजन करा. द्रावणाचे वजन १२ ग्रॅमच्या आसपास भरेल, १० नव्हे. मग मंद आचेवर कोरडे करून तिसरे वजन घ्या. समजा १२ ग्रॅम द्रावणातून ३.१७ ग्रॅम मीठ मिळाले. म्हणजे पाणी ८.८३ ग्रॅम होते. ३.१७ भागिले ८.८३ गुणिले १००, उत्तर ३५.९.

उत्तर बहुधा कमी येते, कारण शेवटी शेवटी मीठ तडतडून पात्राबाहेर उडते. पात्रावर नरसाळे पालथे घाला आणि आच कमी ठेवा. उत्तर ३८-४० आले तर मीठ पुरते सुकलेले नाही. पुन्हा तापवा, गार करा, वजन करा. लागोपाठ दोन वजने सारखी आली की थांबा.

प्रश्न : पाकातले रवा लाडू करताना पाक कधी साखरतो, तर कधी लाडू बसतात. साखर तीच, भांडे तेच. नेमके काय बदलते?
*(गृहिणी, डोंबिवली)*

पाक हे स्वयंपाकघरातले सर्वांत नाजूक द्रावण आहे, कारण तो मुद्दाम मर्यादेच्या पलीकडे नेलेला असतो.

साखर घातली, ती बुडेल एवढे पाणी घातले आणि उकळायला ठेवले, की पाणी उडत जाते आणि साखरेचे प्रमाण वाढत जाते. त्याबरोबर उकळण्याचे तापमानही चढते. निव्वळ पाणी १०० अंशांना उकळते, एकतारी पाक १०५ अंशांच्या पुढे गेलेला असतो आणि गोळीबंद पाक ११२ ते ११६ च्या घरात असतो. बोटांमध्ये तार धरून आपण पाकातली साखरच मोजत असतो. दोनशे-तीनशे रुपयांचा स्वयंपाकाचा तापमापकही तेच मोजतो आणि बोट भाजत नाही. पण समुद्रसपाटीपासून उंचावर राहणाऱ्यांना थोडे अंश वजा करावे लागतील. सवयीच्या हाताला तार जास्त भरवशाची वाटते आणि त्यात गैर काही नाही.

आता मर्यादेकडे पाहा. ज्या पाकात ८० टक्के साखर आहे, त्यात दर १०० ग्रॅम पाण्यामागे ४०० ग्रॅम साखर असते. उकळत्या तापमानाला ती सुखाने राहते. तोच पाक ३० अंशांवर आला की १०० ग्रॅम पाण्याला २२० ग्रॅमच्या आसपासच साखर झेपते. उरलेली १८० ग्रॅम साखर पाण्यात आहे खरी, पण तिचा तिथे हक्क नाही. अशा द्रावणाला अतिसंपृक्त म्हणतात. ते तासन्‌तास शांत राहू शकते, पण साखरेचा एक कण मिळाला की त्याभोवती बाकीची साखर रचली जाते आणि बघता बघता सगळा पाक रवाळ होतो.

तेव्हा बदलतो तो हा कण. तो येतो भांड्याच्या कडेला चिकटून न विरघळलेल्या साखरेतून, कोरड्या साखरेत बुडवून मग पाकात घातलेल्या चमच्यातून, आणि गार होत असताना ढवळण्यातून. उपायही त्याच क्रमाने. साखर पूर्ण विरघळेपर्यंत मंद आचेवर ढवळा, त्याआधी उकळी येऊ देऊ नका. विरघळली की ढवळणे बंद. दोन मिनिटे झाकण ठेवा म्हणजे वाफेचे पाणी कडेवरून ओघळून तिथले कण धुऊन नेईल. मळी काढायला दूध घालत असाल तर ते याच वेळी. नंतर झाकण काढून हवी ती तार येईपर्यंत उकळा. तार पाहताना दरवेळी धुतलेला चमचा.

लिंबाचा उपाय खरा आहे, पण तो वेळेवर केला तरच. आम्लाच्या सान्निध्यात उकळताना थोड्या साखरेचे ग्लुकोज आणि फ्रुक्टोज होते. हे वेगळ्या आकाराचे रेणू साखरेच्या रचनेत मध्येच घुसतात आणि स्फटिक वाढू देत नाहीत. अर्धा किलो साखरेला लहान चमचाभर रस पुरे, तोही उकळी फुटताना. गॅस बंद केल्यावर पिळलेले लिंबू चवीपुरते.

पण रवा लाडवाला लिंबू घालू नका. लाडू वळतो आणि टिकतो तो पाकातली साखर हळूहळू बारीक स्फटिकांत बसते म्हणूनच. लाडू बसले, म्हणजे पाक कच्चा होता, पाणी जास्त राहिले आणि साखर द्रावणातच राहिली. भगराळ झाले, म्हणजे पाक पुढे गेला आणि रवा घालायच्या आतच साखर सुटली. गुलाबजाम आणि चिरोट्यांच्या पाकाला लिंबू, लाडवाच्या पाकाला नाही, एवढे लक्षात ठेवले तरी पुष्कळ. पाडव्याच्या गाठी, संक्रांतीचा काटेरी हलवा आणि खडीसाखर हे तर साखरण्याचेच प्रकार. फरक स्फटिकाला दिलेल्या वेळेचा: गाठी झटपट थिजवायच्या, खडीसाखरेच्या दोऱ्याला दिवसच्या दिवस द्यायचे.

साखरलेला पाक फेकू नका. पाव वाटी पाणी घाला, मंद आचेवर शेवटचा कण विरघळू द्या आणि पुन्हा तार आणा. साखरलेल्या मधाचेही गणित हेच. मधात ग्लुकोज मर्यादेबाहेर असते, ते थंडीत बाहेर पडते. त्याचा भेसळीशी संबंध जोडणे चुकीचे आहे. बाटली ४०-४५ अंशांच्या पाण्यात ठेवा, मध पुन्हा वाहता होईल.

प्रश्न : द्राक्षबागेला ड्रिपमधून कॅल्शियम नायट्रेट आणि बारा-एकसष्ट (मोनो अमोनियम फॉस्फेट) एकाच ड्रममध्ये दिले. पाणी दुधासारखे झाले आणि नंतर निम्मे ड्रिपर बंद पडले. दोन्ही खते विद्राव्य लिहिलेली होती. माल भेसळीचा असेल का?
*(द्राक्ष बागायतदार, निफाड)*

माल बहुधा चांगलाच होता. पिशवीवर ‘विद्राव्य’ लिहिलेले असते ते त्या एकट्या खताबद्दल. पाण्यात गेल्यावर खत पिशवीतले राहत नाही, त्याचे आयन सुटे होतात. कॅल्शियम नायट्रेटमधून कॅल्शियम सुटले, बारा-एकसष्टमधून फॉस्फेट सुटले. या दोघांची गाठ पडली की कॅल्शियम फॉस्फेट होते आणि ते पाण्यात जवळजवळ विरघळत नाही. ते दूध म्हणजे हाच अवक्षेप, द्रावणातून बाहेर पडलेला न विरघळणारा साका. तुमचे कॅल्शियम आणि स्फुरद (फॉस्फरस) दोन्ही मुळापर्यंत न पोचता लॅटरलमध्ये, म्हणजे ड्रिपर बसवलेल्या नळ्यांत, अडकले. शून्य-बावन्न-चौतीस या दुसऱ्या फॉस्फेट खताबरोबरही हेच होईल.

सल्फेटच्या खतांबरोबरचे भांडण जास्त फसवे, कारण त्यातून होणारे जिप्सम (कॅल्शियम सल्फेट) थोडे विरघळते, लिटरला दोन-अडीच ग्रॅम. त्यामुळे पातळ मिश्रणात काही दिसत नाही आणि ‘आम्ही नेहमी एकत्रच देतो’ असे सांगणारे शेजारी भेटतात. २०० लिटरच्या ड्रममध्ये ५ किलो कॅल्शियम नायट्रेट आणि ५ किलो शून्य-शून्य-पन्नास (पोटॅशियम सल्फेट) टाकून हिशेब केला तर तीन किलोंहून जास्त जिप्सम तळाला बसायला निघते. मॅग्नेशियम सल्फेट आणि अमोनियम सल्फेट याच माळेतले.

तेव्हा नियम सोपा. कॅल्शियम नायट्रेट एकटे द्या किंवा फार तर युरिया, तेरा-शून्य-पंचेचाळीस (पोटॅशियम नायट्रेट) यांच्याबरोबर. फॉस्फेट आणि सल्फेटची खते दुसऱ्या टाकीत किंवा दुसऱ्या दिवशी. एकाच दिवशी द्यायची वेळ आली तर मध्ये १५-२० मिनिटे साधे पाणी चालवा. बोअरचे पाणी जड असेल तर पाण्यातच कॅल्शियम असते. मग एकट्या फॉस्फेटनेही गढूळपणा येऊ शकतो.

नवीन जोडी वापरण्याआधी बाटलीत पाहून घ्या. त्याच विहिरीचे एक लिटर पाणी पारदर्शक बाटलीत घ्या. ड्रममध्ये जे प्रमाण तेच ठेवा: २०० लिटरला ५ किलो म्हणजे लिटरला २५ ग्रॅम. एक खत पूर्ण विरघळू द्या, मग दुसरे घाला, हलवा आणि दोन तास ठेवा. गढूळ झाले किंवा तळाला साका बसला तर जोडी रद्द. हाताला अंदाज असला तरी वजन करूनच घ्या. चिमटीने केलेली चाचणी काही सांगत नाही.

हिवाळ्यात आणखी एक अडचण येते. युरिया विरघळताना पाणी गार करतो. १०० लिटर पाण्यात २० किलो युरिया टाकला तर तापमान दहाएक अंश उतरते. थंडीच्या सकाळी मुळातच गार असलेल्या पाण्यात नंतर पोटॅशची खते टाकली की ती तळाशी बसून राहतात आणि ‘खत विरघळत नाही’ अशी तक्रार येते. शून्य-शून्य-पन्नास तर २० अंशांनाही १०० ग्रॅम पाण्यात ११ ग्रॅमच विरघळते. क्रम बदला: पोटॅशचे खत आधी, युरिया शेवटी.

बंद पडलेल्या ड्रिपरसाठी आधी साका ओळखा. थोडा खरवडून काचेच्या पेल्यात घ्या आणि त्यावर सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लाचे थेंब सोडा. फसफसला तर कार्बोनेट, म्हणजे तुमच्या पाण्याचा क्षार. न फसफसता विरघळला तर फॉस्फेट. दोन्हींवर आम्लप्रक्रिया चालते. काहीच झाले नाही तर जिप्सम समजा. त्यावर आम्लाचा पैसा वाया जाईल. लॅटरलची टोके उघडून वारंवार फ्लश करणे आणि न सुटलेले ड्रिपर बदलणे एवढेच हातात राहते. आम्लाची मात्रा ड्रिपच्या कंपनीने दिलेलीच घ्या. हातमोजे, चष्मा घाला आणि नेहमी पाण्यात आम्ल ओता, आम्लात पाणी कधीही नाही.

हाच अवक्षेप बागायतदार मुद्दामही तयार करतात. बोर्डो मिश्रण हे बुरशीनाशक दुसरे काय आहे? एक टक्क्यासाठी १ किलो मोरचूद (कॉपर सल्फेट), १ किलो चुना, १०० लिटर पाणी. मोरचूद नुसताच फवारला तर त्यातले विद्राव्य तांबे पाने जाळते. चुन्याने ते अविद्राव्य रूपात आणले की पानावर चिकटून बसते आणि बुरशीपुरते थोडे थोडे सुटते. फ्रान्समधल्या बोर्दो भागात वनस्पतिशास्त्रज्ञ मिलार्दे यांनी हे १८८५ मध्ये मांडले. मोरचुदाचे पाणी चुन्याच्या दुधासारख्या पाण्यात ओतायचे, भांडी प्लास्टिकची. लोखंडी खिळा मिनिटभर बुडवून त्यावर तांबूस लेप आला तर विद्राव्य तांबे शिल्लक आहे, आणखी चुना घाला. मिश्रण त्याच दिवशी संपवा. ठेवले की कण मोठे होतात, पानावर धरत नाहीत आणि नोझलही अडवतात.

प्रश्न : १० टक्के मिठाचे द्रावण करताना १० ग्रॅम मीठ १०० मिली पाण्यात टाकायचे की ९० मिलीमध्ये? मुले दोन्ही करतात.
*(प्रयोगशाळा सहायक, लातूर)*

वजनी टक्के असतील तर १० ग्रॅम मीठ आणि ९० ग्रॅम पाणी. वजन-आकारमान टक्के असतील तर १० ग्रॅम मीठ थोड्या पाण्यात विरघळवून मग खुणेपर्यंत, म्हणजे एकूण १०० मिली भरेपर्यंत, पाणी घालायचे. १० ग्रॅम आणि वर १०० मिली पाणी ही तिसरी रीत. तिने ९.१ टक्के होते. बाटलीवर नुसते ‘१०%’ लिहिणे बंद करा, कोणते टक्के तेही लिहा.

सलाइनचे ०.९ टक्के वजन-आकारमानाचे असतात, म्हणजे तयार एक लिटरमध्ये ९ ग्रॅम मीठ. ओआरएसच्या एक लिटरच्या पुडीत २०.५ ग्रॅम मिश्रण असते. त्यात मीठ २.६, ग्लुकोज १३.५, पोटॅशियम क्लोराइड १.५ आणि सोडियम सायट्रेट २.९ ग्रॅम. पेलाभर पाण्यातही ते सगळे विरघळते, आणि तिथेच घोटाळा होतो. विरघळले म्हणजे प्रमाण बरोबर झाले, असे नाही. दाट द्रावण आतड्यात उलट पाणी ओढून घेते आणि जुलाब वाढतात. २०० मिलीच्या लहान पुड्याही मिळतात, तेव्हा पुडीवरचा आकडा वाचल्याशिवाय पाणी मोजू नका.

प्रश्न : तुरटीचा मोठा स्फटिक करायचा होता. बी म्हणून टांगलेला खडा रात्रीत गायब झाला. दुसऱ्यांदा फ्रिजमध्ये ठेवले तर तळाला नुसता चुरा.
*(आठवीचा विद्यार्थी, कुडाळ)*

दोन्ही वेळा तापमानाने दगा दिला. पहिल्या वेळी द्रावण कोमट असताना खडा टांगला असणार. कोमट द्रावणाला अजून भूक होती, त्याने तुझा खडाच खाल्ला. दुसऱ्या वेळी ते इतके झटपट गार झाले की एका स्फटिकावर बसायला तुरटीला सवड मिळाली नाही आणि हजार ठिकाणी हजार स्फटिक सुरू झाले.

२०० मिली पाणी ६० अंशांपर्यंत तापव, त्यात ४० ग्रॅम तुरटीची पूड विरघळव आणि गाळून घे. झाकून रात्रभर ठेव. सकाळी तळाला बारीक स्फटिक असतील. वरचे निवळ पाणी दुसऱ्या भांड्यात ओत. हे द्रावण तुझ्या खोलीच्या तापमानाला आपोआप नेमके संपृक्त झालेले आहे, तक्ता पाहायची गरज नाही. तळातला एक नितळ, आठ पृष्ठांचा खडा निवड आणि केसासारख्या बारीक नायलॉनच्या दोऱ्याला बांध. सुती दोरा नको, त्याच्या तंतूंवर स्फटिकांची माळ होते. आता निवळ द्रावणात आणखी ४ ग्रॅम तुरटी घालून तापव, पूर्ण गार होऊ दे आणि मगच खडा टांग. खात्री करायची असेल तर आधी फालतू खडा पाच मिनिटे बुडवून भिंगातून पाहा. त्याच्या भोवतीने धारा खाली ओघळताना दिसल्या तर तो वाढतो आहे की विरघळतो आहे? खाली जाणारी धार जड द्रावणाची, म्हणजे तो विरघळतो आहे. वर चढणारी दिसली तर वाढतो आहे.

भांडे गाळणकागदाने झाक आणि थर्मोकोलच्या खोक्यात ठेव. दुपारी ३५ अंश आणि पहाटे २४ अशा हवेत स्फटिक दिवसा झिजतो, रात्री वाढतो आणि अंगाने गढूळ होतो. तळाला नवे स्फटिक दिसले की द्रावण दुसऱ्या भांड्यात ओतून घे, नाहीतर तेच सगळी तुरटी पळवतील. दोन-तीन आठवडे धीर धर. बाहेर काढल्यावर टिपून घे आणि रंगहीन नेलपॉलिशचा हात दे, कारण तुरटीतले स्फटिकजल हळूहळू उडते आणि खडा पांढुरका पडतो.

प्रश्न : गरम पाण्यात पदार्थ जास्त विरघळतात, मग बोअरच्या पाण्याचा क्षार गीझरमध्येच का बसतो?
*(निवृत्त शिक्षक, जालना)*

कारण तापवल्यावर पदार्थच बदलतो. जड पाण्यात कॅल्शियम असते ते बायकार्बोनेटच्या रूपात, आणि ते चांगले विरघळते. पाणी तापले की त्यातून कार्बन डायऑक्साइड निघून जातो आणि मागे कॅल्शियम कार्बोनेट उरते. ते शुद्ध पाण्यात लिटरला १५ मिलिग्रॅमसुद्धा धड विरघळत नाही, मग बसते तापलेल्या कॉइलवर. किटलीत अर्धे व्हिनेगर, अर्धे पाणी कोमट करून अर्धा तास ठेवा, थर सुटेल.

खरोखर उलटे वागणारा पदार्थ हवा असेल तर तो पानाच्या डब्यात सापडेल. विरी गेलेला चुना २० अंशांना १०० ग्रॅम पाण्यात ०.१७ ग्रॅम विरघळतो आणि १०० अंशांना ०.०७ ग्रॅम. ताजी, स्वच्छ निवळी परीक्षानळीत तापवली की गढूळ होते. विद्यार्थ्यांना दाखवताना नळीत फुंकू देऊ नका, श्वासातल्या कार्बन डायऑक्साइडनेही ती गढूळच होते आणि मग कशामुळे काय झाले ते सांगता येत नाही.

प्रश्न : उन्हाळ्यात फिशटँकमधले मासे दुपारी वर येऊन तोंड उघडतात. रोज पाणी बदलतो तरीही.
*(वाचक, नागपूर)*

वायूंचे गणित मिठासाखरेच्या उलट चालते. पाणी तापले की वायू बाहेर पडतात. गरम सोड्याची बाटली उघडताच उफाळते तीही त्याचमुळे. २० अंशांच्या पाण्यात लिटरला ९.१ मिलिग्रॅम ऑक्सिजन मावतो, ३० अंशांना ७.६ मिलिग्रॅम. नागपूरच्या मे महिन्यात तो याहूनही खाली जातो आणि त्याच वेळी गरम पाण्यात माशांना ऑक्सिजन जास्त लागतो. रोज पाणी बदलणे थांबवा. नळाच्या पाण्यातला क्लोरीन त्यांना आणखी त्रास देतो. हवेचा पंप दुपारी बंद करत असाल तर चालू ठेवा, पृष्ठभाग हलता राहील असे पाहा, खाणे निम्मे करा. टाकी खिडकीपासून दूर सरकवा आणि बंद बाटलीत गोठवलेले पाणी तीत तरंगत ठेवा. तापमान दोन-तीन अंशच उतरवा, एकदम नको.